दुभाषा बाहेर

ती पेशंट नव्हतीच.
पेशंट तिसऱ्या मजल्यावर, ऑर्थोपेडिकला,
सोहारहून आलेला, उजवा गुडघा.
ही अटेंडंट. गळ्यात पिवळा पास,
एकवीस दिवस सोफ्यावर झोपणारी.

नेरुळला आमच्याकडे अशा पुष्कळ येतात,
दुसऱ्याच्या दुखण्याचं तिकीट काढून
आपलं हातसामानात घालून.

बाराव्या दिवशी ती खाली उतरली,
ओपीडीच्या वेळेला नाही, जेवणाच्या सुट्टीत.
माझ्या डब्यात बोंबील. वास आला तशी हसली.
त्यांच्याकडेही समुद्र आहे म्हणे.

सुफियानला बोलावलं. मुंब्र्याचा पोरगा, अरबी चांगली,
बिल, व्हिसा, फिजिओथेरपी घडाघडा सांगतो.
'पाळी' म्हटलं तर खोकला.
शेवटची कधी आली ते विचार, म्हटलं,
तर भिंतीवरच्या अग्निशामकाकडे बघत
त्याने इतकं सभ्य काहीतरी विचारलं
की तिने उत्तरादाखल हवामान सांगितलं असावं.

मी म्हटलं, बाळा, चहा घेऊन ये.
कँटीनचा नको. स्टेशनजवळचा आण.

मग आम्ही दोघी आणि ट्रे.
गोळ्यांचं पाकीट, इंजेक्शनची कुपी,
दंडात बसवायची काडी, तांबी.

तिने आधी बोटं दाखवली. पाच, मग आणखी एक.
'औलाद,' म्हणाली.
आमच्यात हा शब्द भांडणात येतो, नळावर.
तिने तो टेबलावर असा ठेवला
जसं झोपलेलं मूल ठेवतात.
सहावं बोट मिटलं. उघडलं. परत मिटलं.
मी विचारलं नाही.

गोळ्या? पर्स उघडून दाखवली,
नवऱ्याचा हात कसा आत जातो ते.
इंजेक्शन? दर तीन महिन्यांनी कोण देणार.
काडी? तिने स्वतःचा दंड चाचपला,
आपला नाही, दुसऱ्याचा हात असल्यासारखा.
तांबीला नखाने टिचकी मारली.
'तारीख?'

तारीख! मी खुर्चीतून उठलेच.
दहा बोटं दाखवली. दहा वर्षं.
आणि त्याआधी वाटलं, तर त्याआधी.

मग सापडतच गेले. सवाल. जवाब. हिशोब.
कुणी कधी गलबतातून उतरवून ठेवलेले
आणि आम्ही आपलेच म्हणून वापरलेले.

लघवीच्या चाचणीवर एकच रेघ आली.
दोघींनी श्वास सोडला.

फॉर्मवर ती नवऱ्याच्या सहीची जागा शोधत राहिली,
कागद उलटा करूनसुद्धा.
नाही, मी मान हलवली. तुझीच. फक्त तुझी.
सही उजवीकडून निघाली, डावीकडे पोचली,
मध्ये एकदा थांबली.

मढवी मॅडमना सात मिनिटं लागली.
दुखलं. तिने माझं मनगट धरलं,
बांगडी वाकली. वाकडीच आहे अजून.

कार्ड घेतलं नाही तिने.
तारीख तळहातावर लिहिली, तिच्या आकड्यांत,
नऊ तिचा आणि आपला जवळजवळ एकच.
दोनदा पुटपुटली, मग थुंकीने पुसून टाकली.

दाराशी पोटावर हात ठेवून म्हणाली, 'बस.'
मला कळलं का ते बघितलं,
आणि खात्रीसाठी, 'खलास.'

कळलं गं बाई.
दिवाळ्याच्या धक्क्यावर माझी आई
पाटी रिकामी झाली की हेच म्हणायची,
मासळीबद्दल.
पोटाबद्दल म्हणायची सोय नव्हती. सात आम्ही.

सुफियान आला. चहा गार.
'काय म्हणत होत्या त्या?'
'लिफ्ट कुठेय विचारत होती.'