इतिवृत्त

ठराव चौथा: चिखलीजवळ, जुवारीच्या खाडीत कालवांची शेती.
कंपनीच्या माणसाने नकाशा लावला.
खाडी निळी, तिच्यावर चौकोन.
पियेदादबाय म्हणाली, "ओहोटीला इथं निळं काहीच नसतं."
हशा. मी हशा लिहिला नाही.

सुकडो खारव्याचा मुलगा उठला:
बोटीवरची नोकरी सुटली, मला काम हवंय.
तेही खरंच.
बाप चपलेकडे बघत राहिला.

कुणीतरी विचारलं, कागद आहे का,
खाडी तुमची असल्याचा?
पियेदादने हात टेबलावर उपडा केला, मग उताणा.
शिंपल्यांनी चिरलेला;
रेषा कुठली, व्रण कुठला, कळेना.

बाहेर पाणी उतरू लागलं.
बायकांनी कोयत्या, टोपल्या उचलल्या.
गणपूर्ती राहिली नाही.

मी लिहिलं: सभा तहकूब.
कारण:
ओहोटी.