टाकीवरचा अनुस्वार

खैरीटोल्याची पाण्याची टाकी
तीन उन्हाळ्यांत तीनदा पांढरी झाली
आणि तीनदा काळे ओघळ उतरले तिच्या अंगावरून,
जिथे जास्तीचं पाणी सांडतं त्या नळीखाली.
शालिक नेवारे पेंटर म्हणे,
चुन्यातच खोट हाये.
सरपंच म्हणे, शालिकमध्ये.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुते.
एका रविवारी त्याची शिडी धरायला गेले,
जुन्या ब्लेडनं तो काळा खरवडला
आणि विक्सच्या रिकाम्या डबीत भरला.
"घान कायले नेतेस वो बाई?"

भिंगाखाली दोरे दिसले,
आत निळसर हिरवे जीव, मण्यामागे मणी,
आणि भोवती पिवळट तपकिरी खोळ.
रंग जिवात नव्हता, खोळीत होता.
मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर
स्कूटीवरच्या पोरी दुपट्टा बांधतात ना, तसा:
डोळे तेवढे उघडे
आणि पर्समध्ये कांदा.

ॲसिटोनमध्ये भिजवून बाटली खिडकीत ठेवली.
हिरवा चार दिवसांत गेला,
निरोपही न देता.
तपकिरी बसून राहिला
सत्तेचाळीस डिग्रीत.

पाणीपट्टीच्या पावतीमागे
मी शालिकला तो काढून दाखवला:
एक षटकोन, त्याला टेकून पंचकोन,
पंचकोनाच्या कोपऱ्यात नायट्रोजन,
पुढे आणखी एक पंचकोन,
मग हात लांब करून धरलेला दुसरा षटकोन
आणि त्याच्या कानात ऑक्सिजन-हायड्रोजनचं डूल.
हे झालं अर्धं.
आता हेच उलटं काढायचं
आणि दोघांमध्ये एकच रेघ.
फुगडी, पण एकाच हाताची.
छत्तीस कार्बन, वीस हायड्रोजन,
नायट्रोजन दोन, ऑक्सिजन चार.
डोळ्याला न दिसणारं ऊन हा पिऊन टाकतो,
खालच्या जिवापर्यंत पोचू देत नाही.
नाव सायटोनेमिन.

शालिकनं पावती उलटीसुलटी केली.
"नाव राहू दे. उनात उडते का?"

मी बघत राहिले.
वीस वर्षं तो फाट्याफाट्यावर गावांची नावं लिहितो.
"लाल दोन उनारे टिकते.
निरा तीन.
मंग सगरं पांढरं.
माह्या हातची किती गावं पुसली, मोजली नाई मी."

उडत नाही, शालिकभाऊ.
आतला जीव मरतो,
खोळ तशीच राहते.

मग आम्ही अख्खी डबी आटवली.
स्टीलच्या वाटीच्या बुडाशी
तिळाएवढा रंग उरला.
धावड्याच्या डिंकात तो कालवून
शालिक बराच वेळ वाटीकडे बघत होता,
या रंगात काय मावेल ते मोजत.

टाकी त्यानं चौथ्यांदा पांढरी केली,
मजुरी होती, करावीच लागली.
ओघळ गेले.
वर लाल अक्षरांत लिहिलं ग्रामपंचायत खैरीटोला,
आणि सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशनं,
श्वास धरून,
पंचायतमधल्या पं-वर
तो तपकिरी ठिपका टेकवला.
सरपंचाला तो चुकून उडालेला शिंतोडा वाटला.

दोन उन्हाळे झाले.
यंदा लाल आधी गुलाबी झाला,
मग चुन्यात मिसळला.
ग्राम गेलं, टोला गेला,
पं-ची उभी रेघसुद्धा शोधावी लागते.
ठिपका आहे.
आणि त्याच्या डावीकडून, नळीखालून,
एक नवा ओघळ निघालाय, अजून वीतभर.

मी खालून विचारलं,
खाली अक्षरच नाही,
हा अनुस्वार आता म्हणायचा कसा?

शालिकनं शिडीवरच
खर्रा गालात सरकवला,
ओठ मिटले
आणि नाकातून
बारीकसा म्हणून दाखवला.