टेप क्रमांक सदतीस

त्याने आधी पंखा बंद करायला लावला.
वाऱ्याचा आवाज नको, म्हणाला.
बाहेर कोरिएन्तेसचा जानेवारी, डांबर चपलेला चिकटतंय,
आणि एवारिस्तो मैदाना, वय एकसष्ट,
घामाने निथळत बसलाय
बंद पंख्याखाली.

माझ्याकडे छापील फॉर्म.
नाव. रेजिमेंट. खंदकाचं ठिकाण. शत्रू.
चौथ्या रकान्यापाशी तो अडला,
चष्मा पुसला, पुन्हा अडला.

मग मेंढीबद्दल बोलला.
तीन दिवस पोटात काही नव्हतं,
खंदकात गुडघाभर पाणी, पायाची बोटं काळी.
आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता कुणी.
मेंढी हळू पळाली, त्याला ते अजून कळत नाही,
का हळू पळाली.
अर्धी कच्चीच खाल्ली.

त्याबद्दल शिक्षा झाली.
तंबूच्या चार खुंट्या, हातपाय ताणून,
गोठलेल्या चिखलावर उताणा.
"वरून इंग्रजी जहाजांचे गोळे जायचे, बाई.
ते मला ओळखत नव्हते.
बांधणारा ओळखत होता,
आमच्याच गावाकडचा, ग्वारानीत शिव्या घालत होता."

थंडीसाठी त्याने ग्वारानीतलाच शब्द वापरला.
मला तो लिहिता येईना.
मी जागा सोडली.

टेप चार मिनिटं नुसतीच फिरली.
साहेब म्हणतील, ही चार मिनिटं कापा.

"तो सार्जंट आहे अजून," एवारिस्तो म्हणाला,
"खतांचं दुकान आहे त्याचं, उधारी देतो.
दोन एप्रिलला संचलनात पदकं लावून येतो.
परवाच्या वर्षी मिठी मारली त्याने मला.
मीपण मारली.
हेही लिहा."

लिहिलं.
बेटं कुणाची, हे मी त्याला विचारलं नाही.
शाळेत ती मी शंभरदा काढली आहेत,
निळ्या पेन्सिलीने, कडा गिरवून,
बाईंनी वहीवर शेरा दिला होता: उत्तम.

फॉर्मवर नसलेलं मात्र एक विचारलं.
त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते.
दुपारच्या तासाला आम्ही सगळ्या मुली
घामेजल्या बोटांनी लोकर विणायचो,
सैनिकांसाठी.
माझे टाके सारखे सुटायचे.
मिळाले का कुणाला ते मफलर?

तो पहिल्यांदा हसला.
"नाही हो. कुठे गेले देव जाणे."
मग जरा वेळाने, टेप बंद झाल्यावर,
दारात टोपी चाचपत:
"तुमचा कुठल्या रंगाचा होता?"

पिवळा, मी म्हटलं.
त्याने मान हलवली,
बराच वेळ,
गळ्याशी हात नेऊन.

चौथा रकाना कोराच राहिला.
मी पंखा लावला.
कागद उडाले.