उभ्या उभ्या

ओगालाला नऊ मैलांवर असताना
डाव्या बाजूचा मागचा टायर गेला.
आवाज लोक सांगतात तसा बंदुकीचा नव्हता,
ओलं घोंगडं दगडावर आपटावं तसा.
मग आरशात काळ्या चिंध्या,
आणि मडगार्ड उडून मक्यात.

ट्वायला ऑस्टरमान खाली उतरली.
आधी ट्रेलरवरच्या जुन्या हडसनचे पट्टे पाहिले,
गाडी दुसऱ्याची.
मग एकच शिवी घातली,
बापाकडून आलेली, जर्मन.

मर्लिन कुचेराच्या दुकानात कॉफी फुकट, आणि वाईट.
त्यानं टायरचा सांगाडा मांडीवर घेतला,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि अंगठ्यानं चाचपत गेला.

"नक्षी बघ, कोरी करकरीत आहे," ती म्हणाली,
"दोन वर्षं अंगणातून हलला नाही ट्रेलर."
"तेच तर," कुचेरा म्हणाला.

अंगठा थांबला तिथे चार आकडे होते.
पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे.
एकतिसावा आठवडा, सोळा साल.
"तू घेतलास तेव्हाच चार वर्षांचा होता हा.
कुणीतरी फळीवर ठेवून विसरला होता.
ट्रेलरचे टायर धावून मरत नाहीत, बाई,
उभ्या उभ्या मरतात.
एकाच कुशीला ऊन, एकाच जागी भार,
आतल्या आत तडकतात, आणि वरून
नक्षी कोरी करकरीत."

ट्वायला काही बोलली नाही.
दोन वर्षं तीही अंगणातच होती.
मुलीनं ट्रकची किल्ली काढून घेतली होती,
डॉक्टरांनी मान हलवली होती,
आणि खुर्ची चांगली होती, उन्हातली.

भिंतीशी तीन जातींचे टायर.
पहिला स्वस्त, पांढऱ्या अक्षरांचा, दिसायला देखणा.
दुसरा बरा.
तिसरा काळाढुस्स, मिशा अजून न झडलेल्या,
किंमत ऐकून तिनं कॉफी खाली ठेवली.
"कागदावर तर दुसराही पेलतो," ती म्हणाली.
"कागदाला वळण नसतं," तो म्हणाला.
"वळणावर चौघांचा भार दोघांवर येतो.
उचलून बघ."

एकाहत्तर वर्षांच्या बाईला
असं कुणी सांगत नाही.
तिनं पहिला उचलला, सहज, रिकाम्या घागरीसारखा.
दुसरा उचलला.
तिसऱ्याला गुडघे वाकवावे लागले,
कंबरेत कळ आली, दातात ओठ गेला,
आणि तो जमिनीवरून चार बोटं सुटला.
"हा," ती म्हणाली. "चार. आणि एक जादा."

कुचेरानं रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे बसवले,
हवा एकशेदहा भरली, दोनदा मोजली.
रिमवरचा आकडाही वाचून दाखवला,
न विचारता.
"पासष्टच्या पुढे जाऊ नकोस."
"पासष्टच्या पुढे मी सहा वर्षांपूर्वीच गेले."
तो हसला नाही. बिल लिहीत होता.
खाली बेरीज करताना मात्र
कामाची मजुरी खोडली.

तीस मैलांवर तिनं बाजूला घेतलं.
तवा तापलाय का बघावा
तसा तळहात लांबून धरत
एकेका चाकापाशी वाकली.
चौघेही कोमट.
नट पुन्हा आवळले, कुचेरानं सांगितलं होतं म्हणून,
आणि सांगितलं नसतं तरी.

फोन वाजला. रोवीना.
"आई, कुठे आहेस? थांबलीयेस ना कुठे?
जरा शांत बसून बोल माझ्याशी."

मागे मालगाडी चालली होती, न संपणारी.
ट्वायलानं पाना डब्यात टाकला,
खिशातल्या पावतीमागे
नव्या टायरचे चार आकडे लिहिले होते ते
पुन्हा एकदा वाचले.
नवव्या आठवड्यातले.
बाळंच आहेत अजून.

"बोलते," ती म्हणाली,
"पण जाता जाता."