काट्यावरचा मुनीम

डॉक्टर हरकरेंनी फिल्म उजेडाला धरली.
अकरा एमएम. उजवीकडे, मूत्रनळीच्या तोंडाशी.
मी म्हटलं, आमच्याकडे हा माल धरतच नाहीत,
दहाच्या चाळणीवर राहील, विसाच्या खाली पडेल,
हौद्यातून सांडला तर कोणी वाकत नाही.
ते हसले नाहीत.

एकतीस वर्षं मी पाचगावच्या क्रशरवर
धरमकाट्याच्या खोलीत बसतो.
आधी रिकामा ट्रक, मग भरलेला,
वजाबाकी म्हणजे माल.
मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी,
आणि आडोसा म्हणाल तर खाणीपल्याडची बाभूळ.
काटा सोडून गेलं की ड्रायव्हर हॉर्न वाजवतात,
म्हणून पाणी कमी पीत होतो.
एवढी साधी गोष्ट.
तिनं रात्री दोन वाजता मला
मोरीच्या फरशीवर गुडघ्यांवर आणलं.
भिंतीला डोकं लावून मी कुंदाला म्हटलं, ऑटो बोलाव.
ती आधीच चप्पल घालून उभी होती.

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
पाण्यानं फुगलेली रबरी उशी कमरेला भिडली.
वर थंडगार जेल.
पडद्याकडे बघत सुकेशिनी नावाची मुलगी म्हणाली,
"हालायचं नाही, काका. तीन हजार ठोके.
आधी हळू, मग वाढवीन."

खाणीत बार उडायच्या आधी भोंगा होतो,
लाल फडकं हलतं, रतिराम ओरडतो, हटो, हटो,
कुत्रीसुद्धा पळतात, त्यांना पाठ आहे.
इथे बार माझ्यातच,
आणि पळायचं नाही ते मीच.

टक्.
टक्.
कोणी रबरबँड ताणून सोडावं कातडीवर, तसं.
आणि आत खोल, जिथे माझा हात कधी पोचणार नाही,
तिथे कोणीतरी दार वाजवतंय.

तीनशेपर्यंत मोजले. मुनिमाची सवय.
मग ती टेकडी आठवली.
मी कामाला लागलो तेव्हा होती, बोरी होत्या तिच्यावर.
आता तिथे हिरव्या पाण्याचा खड्डा आहे.
तिच्या एकेका ट्रकची पावती माझ्या अक्षरात.
दुखतं का, पॉवर कमी करू का,
तिला कोणी विचारलं नव्हतं.
सुकेशिनीनं मला चारदा विचारलं.

"कुठची तू, बाई?"
"गिट्टीखदान."
मला हसू आलं, मी हाललो,
तिनं मशीन थांबवलं, रागावली, मग तीही हसली.
"आजी फोडत होती तिथं. हातोडीनं, ब्रासच्या भावानं.
एक डोळा कपचीनं गेला तिचा.
पण दगडाला कधी शिवी नाही दिली,
सगळ्या मुकादमाला."
पुन्हा टक्.

घरी तीन लिटर. कुंदानं बाटलीवर रेघा ओढल्यात.
पहिल्या दिवशी पळसाच्या पाण्याचा रंग,
लहानपणी होळीला आम्ही उकळत होतो तोच.
चहाची जुनी गाळणी आता माझी,
तिला लाल दोरा, चुकून ओट्यावर जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या पहाटे गाळणीत चुरी आली.
करडी, ज्वारीच्या कण्यांएवढी, एक-दोन टोकदार.
कागदावर वाळवली, चष्मा लावून पाहिली.
जन्मभर टनावारी तोललं,
आणि हे तोलायला घरात काटा नाही.
"इतवारीत सोनाराकडे नेतो," मी म्हटलं.
"न्या," कुंदा म्हणाली, "आणि घडणावळ विचारून या."

चार एमएमचा एक तुकडा खाली अडून आहे अजून.
फोनवर सुकेशिनी म्हणाली, "बघू महिन्यानं.
पण पाणी काहून कमी पेता तुम्ही?"
मी बाभळीचं सांगितलं नाही.

सोमवारपासून कामावर आहे.
काट्यावर भरलेला ट्रक उभा,
मागे आणखी दोन,
हॉर्न चालू आहे.
मी बाभळीमागे,
सावकाश.