सीटची उंची

प्रदर्शनात कुणीतरी विचारलं,
'सगळे फोटो एकाच उंचीवरून कसे, हो तारकुंडेबाई?'
म्हटलं, सीटच्या.

एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर,
छाती अजून धापेत.
तेवढ्यात जे थांबेल ते घ्यायचं.

कॅमेरा आधी नव्हताच. होती
रजनीभाईंकडून हप्त्यावर घेतलेली सायकल
आणि रोज पहाटे मांडवी ते सिंधरोट,
उगाचच.
घरी येऊन सांगायचे,
विश्वामित्रीच्या पुलाखाली मगर होती, ऊन खात.
कुणी मानेना.
म्हणून कॅमेरा.

पहिल्या रोलला मगर नेमकी पाण्यात सरकली.
आली ती कठड्यावरची सायकलची सावली,
आरे मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ,
आणि तिला धरून उभी मी,
लांबच लांब.

आईनं फोटो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा.
'यात मगर कुठाय गं?'