एक टिंब दहा

पहाटे पावणेचारला
पास्कूच्या बर्फ कारखान्याच्या माडीवर
माझी स्क्रिप्ट उठते. मी उठत नाही.

ती दोन दुकानांत जाते.
एका दुकानात ॲपची ओळख सांगितली
की काउंटरवरून चिठ्ठी सरकवतात :
नाव, वजन, तारीख, व्हर्जन.
चिठ्ठी कधीकधी कालचीच असते,
तारलीसारखी, डोळे बघून घ्यावी लागते.

दुसऱ्या दुकानाला तसं काउंटरच नाही.
रस्त्यात उभं राहून पाटी वाचायची,
हजारभर ओळींच्या जंजाळातून
एक टिंबवाला आकडा उपटायचा.
पाटी ते मनाला येईल तेव्हा रंगवतात, न सांगता.
एकदा आकड्याच्या जागी लिहिलं होतं :
डिव्हाइसनुसार वेगवेगळं.
मी हसले.
भरतीची वेळ विचारा, आमच्याकडेही हेच सांगतात.
तळाशीलला निराळी, जेटीवर निराळी,
कोळंबच्या पुलाखाली तर ज्याची होडी त्याचं पाणी.

सर्जेकोटच्या बेचाळीस फोनांत
माझं भरती-सुकतीचं ॲप आहे.
बेचाळीसही मालक अपडेट म्हटलं की
नेटपॅक आठवून गप्प बसतात.
म्हणून स्क्रिप्ट बघते
दुकानात काय आलंय, फोनात काय पडलंय,
आणि जुनं दिसलं तर लाल पट्टी लावते :
आधी नवं घे, मग जा.

पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाची वाळू सरकली.
दोन दिवस पातीत बसून, बांबू रोवून
मी पाणी मोजलं,
आत शिरायची शेवटची वेळ पाऊण तास अलीकडे ओढली,
आणि एक टिंब नऊच्या पुढचं
एक टिंब दहा
दुकानांत ठेवलं.

लाल पट्टी कुणालाच दिसली नाही.

गुरुवारी बाबल खवणेकराची 'भगवती'
वाळूवर बसली.
पाणी उतरत गेलं, ती कलंडली,
सहा तास तशीच.
कुणाला खरचटलं नाही.
बर्फाचं पाणी झालं, बांगडे मऊ पडले,
लिलाव कधीच उठून गेला होता.

रात्री त्याने फोन पुढे केला.
"गो, ह्यां तुजांच मां?"
माझंच.
"मगे?"

मी ओळ न् ओळ उसवली.
दुकानं खरंच बोलली होती.
चिठ्ठीवर दहा, पाटीवर दहा.
माझी तुलनाच आकडे वाचत नव्हती,
अक्षरं वाचत होती,
बालवाडीतल्या पोरासारखी, डावीकडून एकेक.
एकासमोर एक. टिंबासमोर टिंब.
मग नवासमोर पुन्हा एक.
नऊ मोठा, विषय संपला.
दहातल्या शून्यापर्यंत ती पोचलीच नाही.

हे मी बाबलला सांगितलं, बोटांवर.
त्याने ऐकून घेतलं. म्हणाला,
"माज्या होडयेचा वर्जन काय मगे?"
त्याच्या आज्याच्या वेळची एक फळी उरलेली नाही,
दोनदा फायबर चढवलं, इंजिन तिसरं,
नाव तेवढं तेच, दरसाल रंगवलेलं.
मला उत्तर आलं नाही,
तो थांबलाही नाही उत्तरासाठी.
बर्फाचे पैसे पास्कू सोडील का,
एवढंच त्याला विचारायचं होतं.

पास्कूने अर्धे सोडले.

मी टिंबावर तोडलं.
तुकड्यातुकड्याला सांगितलं, तू आकडा आहेस.
चार ओळी.
चहा निवायच्या आत झालं,
याचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी जेटीवर होते.
काळोखात एकेक फोन लाल होत गेला,
एकेक शिवी आली, मला आणि नेटपॅकला.
मी माझा हॉटस्पॉट उघडला, हात वर धरून उभी राहिले.
तो एका वेळी दहाच फोन घेतो.
दहा.
बाकीच्यांची रांग लावली.

अकरावा बाबल होता,
पायऱ्यांवर बसलेला, पाण्यात पाय सोडून,
पाणी कुठवर आलंय ते
फोनकडे न बघता बघत.